मोजायचे कोणाला, बाईला की तालुक्याला?



 गरोदर बाई आरोग्य केंद्रात नाव नोंदवते तेव्हा तिचे काय काय मोजले जाते? वजन, उंची, रक्तदाब, हिमोग्लोबिन. रक्तगट पाहतात. लघवी घेऊन तीत प्रथिने आणि साखर आहे का ते बघतात. खासगी दवाखान्यात गेली असेल तर बहुधा थायरॉईडचीही तपासणी होते. ही सगळी मोजमापे हवीतच. पण पोटातल्या बाळाचा मेंदू ज्या एका मूलद्रव्यावाचून नीट घडत नाही, त्या आयोडीनचे काय? ते तिला पुरेसे मिळते आहे का, हे कोण पाहते? तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या मनात उत्तर तयार असेल, की मिठात असते ना! हो, मिठात असते. पण किती असते, त्यातले पोटात किती पोचते, आणि गरोदरपणी वाढलेल्या गरजेला ते पुरते का, हे तीन वेगवेगळे प्रश्न आहेत. तिसऱ्याचे उत्तर मिठाच्या पिशवीवर छापलेले नसते. मला आज एकच म्हणणे मांडायचे आहे. गरोदरपणातले आयोडीन मोजले पाहिजे, ठरावीक काळाने पुन्हा पुन्हा मोजले पाहिजे, आणि ते मोजताना एकेकीचे निदान करण्याच्या मागे न लागता तालुक्याचे निदान केले पाहिजे. डॉक्टरने बाई सोडून तालुका तपासायचा, हे ऐकायला विचित्र वाटेल. ते विचित्र का नाही, हेच मला तुमच्यापुढे उलगडायचे आहे.

आधी गरज समजून घेऊ. गळ्यातली थायरॉईड ग्रंथी जे मुख्य संप्रेरक तयार करते, त्याच्या प्रत्येक रेणूत आयोडीनचे चार अणू असतात. आयोडीन नाही तर संप्रेरक नाही, त्याला दुसरा पर्याय शरीराजवळ नाही. मोठ्या माणसाला दिवसाला 150 मायक्रोग्रॅम आयोडीन लागते. सत्तर वर्षांच्या आयुष्याचा हिशेब केला तरी चार ग्रॅमांच्या आत, म्हणजे चहाच्या चमच्यात मावेल इतके. पण हा चमचा एकदाच पिऊन भागत नाही, रोज थोडे थोडे यावे लागते. गरोदर बाईसाठी जागतिक आरोग्य संघटनेने हीच गरज 250 मायक्रोग्रॅम धरली आहे. इतकी वाढ कशासाठी? एक तर तिच्या ग्रंथीला नेहमीपेक्षा सुमारे दीडपट संप्रेरक तयार करावे लागते. दुसरे म्हणजे गरोदरपणी मूत्रपिंडांचे काम वाढते, त्यामुळे लघवीवाटे आयोडीन जास्त निघून जाते. आणि तिसरा वाटेकरी पोटात वाढत असतो. बाळाची स्वतःची ग्रंथी पुरेसे संप्रेरक देऊ लागते ती साधारण निम्मे दिवस भरल्यावर. तोवर मेंदूच्या पेशी तयार होणे, त्यांनी आपापल्या जागी जाऊन बसणे, हे सगळे आईच्या संप्रेरकावर चाललेले असते. म्हणजे सर्वांत नाजूक काळ पहिल्या काही महिन्यांचा, आणि त्यातले सुरुवातीचे आठवडे तर असे, की दिवस राहिले आहेत हे बाईला अजून कळलेलेही नसते.

हे अनुमानाने सांगितलेले नाही. पापुआ न्यू गिनीच्या डोंगराळ भागात 1960 च्या दशकात काही कुटुंबांना आयोडीनयुक्त तेलाची इंजेक्शने दिली गेली आणि काहींना साधी. 1971 साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्या बायकांना गर्भधारणेच्या आधी आयोडीन मिळाले होते, त्यांच्या मुलांत मतिमंदत्व, बहिरेपणा आणि चालण्यातले दोष एकत्र येणारा तो भयंकर आजार टळला. दिवस राहिल्यावर उशिरा दिलेल्या आयोडीनने ते काम झाले नाही. आपल्या देशात डॉ. वुलिमिरी रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1956 पासून हिमाचलातल्या कांगडा खोऱ्यात काही गावांना आयोडीनयुक्त मीठ पुरवले, काहींना साधे, आणि गलगंड कुठे घटतो ते वर्षानुवर्षे पाहिले. त्याच कामाच्या पायावर 1962 साली राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम उभा राहिला. 1992 साली त्याचे नाव बदलून राष्ट्रीय आयोडीन कमतरता विकार नियंत्रण कार्यक्रम झाले, कारण तोवर कळून चुकले होते की गळ्यावरची गाठ हे या कमतरतेचे नुसते दिसणारे टोक आहे. खरे नुकसान डोक्यात होते आणि ते डोळ्यांना दिसत नाही. आणि हा काही फक्त हिमालयाचा आजार नाही. देशात सर्वेक्षण झालेल्या 414 जिल्ह्यांपैकी 337 जिल्हे कमतरतेचे ठरले होते.

मिठाचा मार्ग भारताने निवडला आणि तो योग्य होता, हे मी निःसंदिग्धपणे म्हणतो. त्याला विरोधही झाला आणि तो समजण्यासारखा होता. ज्या देशात 1930 साली दांडीपाठोपाठ आपल्या शिरोड्याला आणि वडाळ्याला लोकांनी मिठासाठी लाठ्या खाल्ल्या, तिथे साधे मीठ विकायला कायद्याने बंदी घालायची, हे अनेकांच्या मनाला टोचले. म्हणूनच 1998 साली देशभर लागू झालेली बंदी 2000 साली उठली आणि 2006 साली पुन्हा आली. गरिबाच्या मिठात सरकारने हात का घालावा, असा तो प्रश्न होता. माझे उत्तर असे, की गरिबाच्याच मुलाचे यात सर्वाधिक नुकसान होत होते. श्रीमंताला दूध, अंडी, समुद्राची मासळी यांतून थोडेफार आयोडीन मिळते. ज्याच्या ताटात भाकरी आणि कोरड्यास एवढेच आहे त्याला मिठाशिवाय दुसरी वाट नाही. आज कायदा सांगतो की कारखान्यातून निघताना मिठात किमान 30 पीपीएम आयोडीन असावे आणि गिऱ्हाइकाच्या हाती पोचताना किमान 15. पीपीएम म्हणजे एका ग्रॅममध्ये तितके मायक्रोग्रॅम.

आता एक हिशेब मांडू. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या 94 टक्के घरांत आयोडीनयुक्त मीठ सापडले. वाचून बरे वाटते. पण ती तपासणी घरोघरी थेंब टाकून रंग पाहण्याच्या पद्धतीने होते. आयोडीन आहे की नाही हे ती सांगते, पुरेसे आहे का हे भरवशाने सांगत नाही. 2018-19 च्या राष्ट्रीय आयोडीन सर्वेक्षणात पुरेसे म्हणजे 15 पीपीएम किंवा अधिक आयोडीन असलेले मीठ 76.3 टक्के घरांत निघाले. या दोन आकड्यांमध्ये जी घरे आहेत, तिथल्या सुनेला वाटते आपल्या घरात आयोडीनचे मीठ आहे. आणि ते असतेही, पण पुरेसे नसते. पुढे चला. बाई दिवसाला दहा ग्रॅम मीठ खाते असे धरले आणि ते अगदी 15 पीपीएमचे असले, तर 150 मायक्रोग्रॅम झाले. शिजवताना त्यातला साधारण पाचवा हिस्सा उडून जातो असे धरतात, उरले 120. गरोदरपणाची गरज 250. बाकीचे 130 कुठून यायचे? मीठ 30 पीपीएमचे असेल तर शिजवल्यावर 240 मिळतील, म्हणजे भागले. कायदा पाळणाऱ्या दोन पिशव्या, दोन्ही कायदेशीर, आणि बाळाच्या दृष्टीने त्यांच्यात एवढे अंतर. शिवाय खडे मीठ वापरण्याआधी धुऊन घेण्याची रीत अजून अनेक घरांत आहे. आयोडीन मिठाच्या खड्यावर वरून फवारलेले असते, ते पाण्याबरोबर निघून जाते. बरणी उघडी, चुलीजवळ, दमट जागी असेल तर आणखी घट. मीठ तपासले म्हणजे काम झाले, असे म्हणता येत नाही ते यामुळे. शेवटी शरीरात काय पोचले हे पाहावे लागते, आणि खाल्लेले आयोडीन नव्वद टक्के लघवीवाटे बाहेर पडत असल्याने ते पाहायची जागा म्हणजे लघवी.

इथे मी तुम्हाला आपल्याच शिरूर तालुक्यात नेतो. वढू बुद्रुक आपल्याला छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीमुळे ठाऊक आहे. आरोग्याच्या क्षेत्रात ते आणखी एका कारणाने नावाजलेले आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. बानू कोयाजी यांनी 1970 च्या दशकात तिथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प उभा केला, गावातल्याच बायकांना आरोग्याच्या कामासाठी तयार केले. 1993 साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. 2002 पासून वढूच्या आसपासच्या गावांतले जन्म, मृत्यू आणि स्थलांतर यांची सलग नोंद ठेवली जाते. अशा भूमीत गरोदर बायकांच्या आयोडीनचाही अभ्यास झाला. वढूचे ग्रामीण केंद्र आणि पुण्यातला एक शहरी प्रसूतिपूर्व दवाखाना, अशा दोन ठिकाणच्या बायकांची लघवी गरोदरपणाच्या सतराव्या आणि चौतिसाव्या आठवड्यात तपासली गेली. सतराव्या आठवड्याला 132 बायका, चौतिसाव्याला 151. निष्कर्ष 2014 साली प्रसिद्ध झाले. सगळे आकडे चढत्या क्रमाने मांडले तर बरोबर मध्ये येणारा आकडा, म्हणजे मध्यांक, सतराव्या आठवड्याला लिटरमागे 203 मायक्रोग्रॅम निघाला आणि चौतिसाव्याला 211. गरोदर बायकांच्या गटाचा मध्यांक 150 ते 249 असला तर तो गट ठीक मानतात. म्हणजे वढू-पुण्याचा गट ठीक होता. ही आनंदाची गोष्ट आहे, आणि मी ती मुद्दाम आधी सांगतो आहे. पण त्या अभ्यासातल्या आणखी दोन गोष्टींपाशी मला थोडे थांबायचे आहे, कारण माझे सगळे म्हणणे त्यांच्यावर उभे आहे.

पहिली गोष्ट म्हणजे आकड्यांचा पसरट विस्तार. सर्वांत कमी आकडा 26 आणि सर्वांत जास्त 800. मध्यांक ठीक, पण दोन टोके किती लांब! दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. सतराव्या आठवड्याचा आकडा आणि चौतिसाव्या आठवड्याचा आकडा यांच्यात काही संबंधच दिसला नाही. बायकांचे आकड्यांनुसार चार समान गट पाडले, तर सतराव्या आठवड्याला सर्वांत खालच्या गटात असलेल्यांपैकी 24 टक्के बायका चौतिसाव्या आठवड्यालाही सर्वांत खालच्या गटात होत्या. जरा विचार करा. चार गट आहेत. डोळे मिटून चिठ्ठ्या उचलल्या असत्या तरी 25 टक्के बायका त्याच गटात पुन्हा आल्या असत्या. म्हणजे एकदा लघवी तपासून जिला आपण आयोडीन कमी असलेली ठरवले, तिच्याबद्दल आपल्याला जवळजवळ काहीच कळलेले नसते. आपल्याकडे शितावरून भाताची परीक्षा करतात. ती खरी ठरते, कारण पातेल्यातले सगळे तांदूळ एकाच पाण्यात, एकाच आचेवर शिजलेले असतात. एका बाईची आजची लघवी आणि तिचीच परवाची लघवी यांचे तसे नसते. काल रात्री तिने काय खाल्ले, सकाळपासून पाणी किती प्यायले, उन्हात खुरपायला गेली होती का, घाम किती गेला, या प्रत्येक गोष्टीने आकडा खालीवर होतो. एका व्यक्तीचे आयोडीन बऱ्यापैकी अचूक ठरवायचे तर निरनिराळ्या दिवशी सुमारे दहा नमुने घ्यावे लागतात. कोणत्या आरोग्य केंद्राला ते शक्य आहे? आणि कोणत्या गरोदर बाईला आपण इतका त्रास द्यावा?

मग कोणी विचारील, एका नमुन्याचा भरवसा नाही तर मोजायचेच कशाला? कारण जे एकीच्या बाबतीत खोटे ठरते, ते शंभरसव्वाशे जणींच्या बाबतीत खरे ठरते. एकीने आज जास्त पाणी प्यायले, दुसरीने कमी. एकीच्या आमटीत काल मीठ जास्त पडले, दुसरीच्या कमी. हे चढउतार एकमेकांना खाऊन टाकतात आणि मध्यांक स्थिर राहतो. सुमारे 125 नमुन्यांत गटाचा अंदाज दहा टक्क्यांच्या फरकाने येतो, 500 नमुन्यांत पाच टक्क्यांच्या. म्हणून मी म्हणतो की तालुका मोजा. गरोदर बाईच्या माता-बाल संरक्षण कार्डावर आयोडीनचा रकाना वाढवा, अशी मागणी मी करणार नाही. तो रकाना भरला तर वेगळेच नुकसान होईल. कुणाला उगाच धास्ती बसेल, कुणाला उगाच दिलासा मिळेल, आणि ज्या कुटुंबात मुलाच्या प्रत्येक उणिवेचा दोष आईच्या माथी मारला जातो तिथे एक छापील आकडा त्या आईच्या विरुद्ध वापरला जाईल. हे मला साधे वाटत नाही. तालुक्याचा आकडा दोष कुणाच्याच माथी मारत नाही. तो दुकानाकडे, पुरवठ्याकडे, अन्न तपासणाऱ्या यंत्रणेकडे बोट दाखवतो.

इथे थायरॉईडच्या तपासणीबद्दल बोलले पाहिजे, कारण गोंधळ फार आहे. टीएसएच केली, नॉर्मल आली, म्हणजे आयोडीन ठीक, असे समजले जाते. ते तसे नाही. आयोडीन थोडे कमी पडत असेल तर ग्रंथी काटकसरीने वागून बराच काळ निभावून नेते आणि टीएसएच बहुधा नॉर्मलच राहते. उलट टीएसएच वाढलेली असेल तर त्याचे कारण पुष्कळदा शरीराने स्वतःच्याच ग्रंथीवर केलेला हल्ला असते, त्यात आयोडीनचा दोष नसतो. टीएसएच वाढली असता डॉक्टर गोळी देतात ती बरोबरच आहे, ती बंद करू नका. पण त्या तपासणीने आयोडीनचा प्रश्न निकाली निघाला, असे मानू नका.

आता आक्षेप. वढूचा मध्यांक 200 च्या वर आहे, मग शिरूर आणि दौंड या आपल्या दोन तालुक्यांनी काळजी कशाला करायची? माझे म्हणणे असे, की वढूचा आकडा वढूचा आहे. शिरूर तालुका एकसारखा आहे का? भीमेकाठचे वढू, कोरेगाव, सणसवाडी, शिक्रापूर हा पट्टा पुण्याला लागून, कारखान्यांचा, रोज शहराशी येणेजाणे असलेला. पाबळ, केंदूर, कान्हूर मेसाई हा कोरडा भाग. दौंडमध्ये कालव्याच्या आणि भीमेच्या पाण्यावरचा ऊस एकीकडे, कुरकुंभच्या बाजूचे माळरान दुसरीकडे. या भागांत घरातले दूध वेगळे, पीक वेगळे, बाजार वेगळा. त्या अभ्यासातच असे दिसले होते, की चौतिसाव्या आठवड्याला सर्वांत वरच्या आणि सर्वांत खालच्या गटातल्या बायकांत शिक्षण, आर्थिक स्थिती आणि दूधदुभते किती वेळा खाण्यात येते यांचा फरक होता. दुधाचा हा धागा आपल्यासाठी महत्त्वाचा आहे. दोन्ही तालुके दुधाचे आहेत. पण दूध गोठ्यात आहे म्हणून सुनेच्या पेल्यात आहे, असे नसते. पहाटे ते कॅनमधून डेअरीला जाते आणि घरात चहापुरते उरते. शिवाय दुधात आयोडीन किती, हे जनावराच्या खुराकात खनिज मिश्रण आहे का यावर ठरते.

बाजरीचेही सांगतो, आणि जपून सांगतो. या कोरड्या पट्ट्याचे मुख्य धान्य बाजरी. बाजरीत असे काही घटक असतात जे थायरॉईडच्या कामात अडथळा आणतात. पश्चिम सुदानमध्ये गलगंड फार का, याचा शोध घेताना बाजरीकडे लक्ष गेले. याचा अर्थ भाकरी सोडा असा मुळीच नाही. बाजरी लोह देते, ऊर्जा देते, आणि या मातीत तेच पीक तग धरते. अर्थ एवढाच, की जिथे आयोडीन काठावर आहे तिथे बाजरीमुळे काठ आणखी जवळ येतो, आणि जिथे आयोडीन भरपूर आहे तिथे तिचा उपद्रव जाणवत नाही. म्हणूनच बाजरी खाणाऱ्या भागाचा मध्यांक वेगळा कळायला हवा. मासळीचा आधार म्हणाल, तर दौंडच्या पूर्व टोकाला उजनीच्या फुगवट्यातली मासळी मिळते, पण गोड्या पाण्याच्या मासळीत समुद्राच्या मासळीइतके आयोडीन नसते.

दुसरा आक्षेप व्यवहारी माणसाचा आहे. मोजत कशाला बसायचे, लोहाच्या गोळीसारखी आयोडीनची गोळीही सगळ्यांना देऊन टाका. या आक्षेपाचा मी आदर करतो, कारण त्यामागे तळमळ आहे. पण पुरावा काय सांगतो? इंग्लंडमध्ये ब्रिस्टलच्या परिसरातल्या हजारावर गरोदर बायकांचे नमुने तपासून त्यांच्या मुलांचा पाठपुरावा झाला, 2013 साली निष्कर्ष आले. ज्या आयांचे आयोडीन थोडे कमी होते, त्यांच्या मुलांचा आठव्या वर्षीचा भाषिक बुद्ध्यंक आणि नवव्या वर्षीचे वाचन कमी निघाले. हे ऐकून गोळी द्यावीशी वाटते. मग बंगळुरू आणि बँकॉक येथे 832 गरोदर बायकांवर नीट प्रयोग झाला. निम्म्यांना रोज 200 मायक्रोग्रॅम आयोडीन, निम्म्यांना नुसती गोळी. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत मुलांच्या पाचव्या-सहाव्या वर्षी दोन्ही गटांच्या बुद्धीत फरक आढळला नाही. या दोन्ही गोष्टी एकत्र कशा खऱ्या असतील? असू शकतात. ज्या गटाला मिठातून बऱ्यापैकी आयोडीन मिळते आहे, तिथे गोळीने भर पडत नाही. आणि गोळी सुरू होते ती दिवस राहिल्यानंतर, तोवर सुरुवातीचे नाजूक आठवडे गेलेले असतात. शिवाय जास्तीचे आयोडीन निरुपद्रवी नसते. गर्भाच्या कोवळ्या ग्रंथीला अतिरेक पेलत नाही, तिचे काम त्याने मंदावू शकते. गरोदर गटाचा मध्यांक 500 च्या वर जाणे म्हणूनच अतिरेक मानतात. ज्या तालुक्यात कमतरता नाही तिथे सरसकट गोळी वाटणे निष्फळ, ज्या तालुक्यात कमतरता आहे तिथे ती न वाटणे अन्यायाचे. कोणता तालुका कोणत्या बाजूला आहे, हे न मोजता कसे कळणार?

तिसरा आक्षेप कार्यक्रमातल्या जाणकारांचा. शाळेतल्या मुलांचे सर्वेक्षण होते, ते पुरे. शाळेतली मुले सापडायला सोपी, हे मान्य. पण मुलांच्या गटाचा मध्यांक 100 असला तरी तो पास, आणि गरोदर गटाला 150 लागतात. मुलांत 110 निघाले तर अहवालात समाधान लिहिले जाईल, आणि त्याच गावातल्या गरोदर बायकांना आयोडीन कमी पडत असेल. जिच्यासाठी हा सगळा कार्यक्रम आहे, तिलाच आपण दुसऱ्याच्या आकड्यावरून ताडतो.

मीठ कमी खाण्याच्या सल्ल्याचेही याच्याशी नाते आहे. रक्तदाबासाठी दिवसाला पाच ग्रॅमांच्या आत मीठ, हा सल्ला बरोबर आहे आणि माझा त्याला पाठिंबा आहे. पण पाच ग्रॅम मीठ 15 पीपीएमचे असेल तर त्यातून अवघे 75 मायक्रोग्रॅम मिळतात, तेही शिजवण्याआधी. मीठ कमी करायचे तर त्यातले आयोडीन काठावरचे असून चालणार नाही. आणि पायाला सूज आली की सासूबाई सुनेचे मीठ तोडतात, त्यांना एवढे सांगा की सूज आली तर आधी रक्तदाब आणि लघवीतली प्रथिने तपासून घ्या, मग डॉक्टर सांगतील तसे करा. शेंदेलोण शुद्ध म्हणून रोज वापरणारी घरेही वाढत आहेत. उपवासाला खा, पण रोजच्या जेवणात त्याच्यावर विसंबू नका, त्यात निसर्गतः पुरेसे आयोडीन नसते.

राहिला प्रश्न, हे करायचे कसे. नवी यंत्रणा उभी करायची गरज नाही. 2016 पासून प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात दर महिन्याच्या नऊ तारखेला गरोदर बायकांची मोफत तपासणी होते. त्या दिवशी लघवीचा नमुना घेतलाच जातो, प्रथिने आणि साखर पाहून तो फेकून देतात. त्यातलेच थोडे, बाईला समजावून, तिची परवानगी घेऊन, नावाशिवाय, फक्त गाव आणि महिना लिहून, झाकणाच्या बाटलीत घालायचे. आयोडीन नासत नाही, नमुना प्रवास सहज सोसतो. प्रयोगशाळेत पिवळ्या द्रावणाचा रंग किती झपाट्याने उडतो यावरून आयोडीन ठरवायची पद्धत 1937 पासून माहीत आहे. शिरूरचे दोन भाग, दौंडचे दोन भाग, प्रत्येकी सव्वाशे नमुने, म्हणजे एका फेरीला सुमारे पाचशे. आशाताई मिठाची तपासणी करतातच; त्याच गावांतल्या मिठाचे नमुने रंग पाहून न थांबता पीपीएमपर्यंत तपासावेत, म्हणजे मध्यांक खाली आला तर दोष मिठाचा की खाण्याचा, हे लगेच कळेल. मिठाचा असेल तर अन्न व औषध प्रशासनाने आठवडी बाजारात आणि घाऊक दुकानांत जावे. मीठ चांगले असून मध्यांक खाली असेल, तेव्हा गोळीचा विचार त्या भागापुरता करावा, आणि त्यात नवविवाहित मुलीही धराव्यात.

शेवटची गोष्ट फेऱ्यांच्या वेळेची. एकही फेरी उन्हाळ्यात घेऊ नका; मे महिन्यात दौंडच्या उन्हात पाणी कमी पोटात जाते, लघवी दाट होते आणि आकडा आहे त्यापेक्षा चांगला दिसतो. एक फेरी पावसाळ्यानंतर लगेच घ्या. दुसरी डिसेंबर-जानेवारीत घ्या, आणि ती कितीही अडचणीची असली तरी टाळू नका. त्या महिन्यांत बीड-नगरकडून आलेली ऊसतोड कुटुंबे भीमेकाठच्या फडांत असतात. त्यांतल्या गरोदर बायकांचे नाव बहुधा त्यांच्या गावच्या नोंदवहीत असते, त्या असतात इथे, आणि नऊ तारखेला दवाखान्यात यायचे तर त्यांची दिवसाची मजुरी बुडते. त्यांचे नमुने आणि त्यांच्या कोप्यांतले मीठ घ्यायला आपल्यालाच फडावर जावे लागेल. तालुक्याचा मध्यांक त्यांना वगळून काढला, तर तो दौंडचा मध्यांक असणार नाही.